निळी, राखाडी आणि मास्तरांचा डावा पाय

४ जानेवारी, शनिवार

जुनी गाडी विकायची ठरली! म्हणजे मी ठरवली. हे नुसते "बघू" म्हणाले. ह्यांच्या "बघू"चा अर्थ एरवी "नाही" असा असतो, आज मी तो "हो" असा धरला.

गुडघ्याचे डॉक्टर आज स्पष्टच बोलले. डावा गुडघा झिजलाय, क्लच दाबणं बंद, एप्रिलमध्ये ऑपरेशन करून टाकू, आणि पुढे गाडी हवीच असेल तर ऑटोमॅटिक घ्या. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "ऑटोमॅटिक म्हणजे गाडी चालवणं नव्हे. गाडीत बसणं." मग क्लच दाबताना तोंड वाकडं झालं, ते मला दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघितलं. मला दिसलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढते मी. कोण कुठे बघतोय आणि कशासाठी, हे कळायला मला वेळ लागत नाही.

५ जानेवारी, रविवार

काल अर्धंच लिहिलं. उरलेलं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मला गाडी चालवायची आहे.

ह्यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकवणीच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, मास्तरांसाठी. शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. अर्ध्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली. बाजारात गेलं की पावलापावलाला "नमस्कार मास्तर". आणि मास्तरांची बायको दोन बस बदलून कामाला जाते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी.

तसं लायसन्स आहे माझ्याकडे. ह्यांनीच शिकवलं, लग्न झाल्यावर. पण घरची गाडी आणि शाळेची गाडी एकच, त्यामुळे मी चालवायला बसले की शेजारी हे आणि ह्यांच्या पायाशी तो ब्रेक. कधी ओरडले नाहीत, कधी टाकून बोलले नाहीत—खोटं कशाला लिहू. नुसता पाय हलायचा. समोर माणूस आला, कुत्रं आलं, सिग्नल आला, की माझा पाय ब्रेककडे निघायच्या आत ब्रेक लागलेला असायचा. मी वेळेवर थांबले असते की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हळूहळू मी बसायचंच सोडलं. गाडी हेच चालवत होते, मी आपलं स्टिअरिंग धरायची. शाळा बंद होऊन दोन वर्षं झाली, तो ब्रेक अजून तिथेच आहे.

नव्या गाडीला तो नसेल. एकदा तरी हे शेजारी असताना मला माझ्या पायाने गाडी थांबवायची आहे, आणि ह्यांनी ते बघायला हवं. एवढंच. ह्या वयात हे कुणाला सांगितलं तर हसतील.

११ जानेवारी, शनिवार

लेक आणि जावई जेवायला होते. जावयांना कुठलीही वस्तू घेण्याआधी ढीगभर व्हिडिओ बघायची सवय—मिक्सर घेतानाही बघितले होते. त्यांनी चाळून चाळून दोन गाड्या उरवल्यात. दोन्ही लहान, दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्ही आमच्या आवाक्यातल्या. नावं कसली तरी अक्षरं-आकडे जोडलेली, लक्षात राहत नाहीत. फोटोतल्या रंगांवरून मी निळी आणि राखाडी म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले.

निळीचा गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचाच, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना जरा झटका बसतो म्हणे. पण स्वस्त आहे, पेट्रोल कमी पिते, आणि बिघडली तर कुठलाही गॅरेजवाला हात घालू शकतो. राखाडीत गिअरच नाहीत, आत पट्टा फिरतो. अलगद पळते. पण किंमत जास्त, डिकी एवढीशी, आणि पट्टा बिघडला की कंपनीच्या दारात उभं राहायचं.

हे म्हणाले, निळी निदान गाडी तरी आहे, ती दुसरी म्हणजे शिलाई मशीन. लेक म्हणाली, गुडघ्याला झटके नकोत, राखाडीच घ्या. जावई म्हणाले, चालवून बघा आणि मग ठरवा. मला कुणी विचारलं नाही. ताटं उचलता उचलता मीच विचारलं, सीट वर-खाली होते का? तिघंही माझ्याकडे बघायला लागले. लेक म्हणाली, "तुला कशाला गं आई? तू तर शेजारी बसणार."

"शेजारचीच विचारतेय," म्हटलं. भित्री भागूबाई कुठली!

१८ जानेवारी, शनिवार

शोरूमला जाऊन आलो. तिथली मुलगी चुणचुणीत आहे. काका-काकू करत पाणी दिलं, कागद दाखवले, आणि आधी राखाडी बाहेर काढली. हे चालवायला, ती शेजारी, मी मागे. निघताना तिने सांगितलं की डावा पाय बाजूला आरामात ठेवायचा, त्याला ह्या गाडीत काम नाही. हे नुसते हसले. कुणाला शिकवतेस, असं ते हसणं होतं.

पहिल्या सिग्नलपर्यंत छान. सिग्नल जवळ आला आणि ह्यांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच कुठला तिथे! ब्रेकचं पेडल चांगलं रुंद, ते पायाखाली आलं, आणि ह्यांनी ते क्लचसारखं तळापर्यंत दाबलं. गाडी जागच्या जागी खिळली. मुलीच्या हातातला टॅब समोर जाऊन आपटला, माझं नाक पुढच्या सीटला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. वळताना पुन्हा. शेवटी शेवटी मुलीने एका हाताने सीटबेल्ट आणि दुसऱ्याने डॅशबोर्ड धरून ठेवला होता. बिचारी तरीही हसत होती, नोकरी आहे.

परत आल्यावर मास्तरांनी निकाल दिला—हिचा ब्रेक फार तिखट आहे.

१९ जानेवारी, रविवार

नाचता येईना, अंगण वाकडं. तोंडावर म्हटलं नाही, इथे लिहून ठेवलं.

२२ जानेवारी, बुधवार

कामावरून आले तर हे जेवणाच्या खुर्चीत बसलेले. समोर स्टिअरिंगसारखं धरलेलं ताट, आणि डावा पाय मफलरने खुर्चीच्या पायाला बांधलेला! उजव्या पायाने फरशीवर सराव चालला होता—दाब, सोड, दाब, सोड. मला बघून ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, व्यायाम करतोय.

मी पोट धरून हसले. हेही हसले. मग मी मफलर सोडायला खाली बसले तर तो गुडघा समोर, सुजलेला, गरम. ह्याच पायाने आमचं घर चाललं. लेकीचं शिक्षण, लग्न, ह्या घराचे हप्ते, सगळं ह्या पायाने दाबून दाबून आणलेलं. आणि आता सगळे त्याला सांगतायत की बाबा रे, तू नुसता पडून राहा. जित्याची खोड आहे ती, मफलरने कशी जाईल. मफलर सोडून मी चहा टाकला.

२५ जानेवारी, शनिवार

आज निळी. आज ह्यांनी सुरुवातीलाच डावा पाय मागे ओढून घेतला होता, पण मधेच एक रिक्षा आडवी आली आणि तो निसटला. गाडी खिळली, आमची डोकी हलली. ह्यांनी बाजूला घेऊन गाडी उभी केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मुलगी मला म्हणाली, काकू, तुम्ही बघता का चालवून? सहज म्हणाली. तिला काय माहीत!

मी उतरले आणि पुढे जाऊन बसले. सीट वर होते! खटका दाबला की वर, अगदी रस्ता दिसेपर्यंत. हे शेजारी आले, मुलगी मागे गेली. आणि मी चालवली. माझ्या डाव्या पायाला काही माहीतच नाही, त्यामुळे तो गुमान पडून राहिला. गिअर बदलताना निळी खरंच मान हलवते, पण मला त्याचा त्रास झाला नाही. उलट गाडीचं काय चाललंय ते कळतं. चढावर क्षणभर मागे सरकल्यासारखी झाली, मग निघाली.

पण एक झालं. प्रत्येक सिग्नलला, मी थांबायच्या आधी, शेजारून आवाज—धप्प! ह्यांचा पाय पायपुसण्यावर. तिथे ब्रेक नाही, काही नाही, तरी धप्प. आणि तो आवाज ऐकूनच माझा पाय हलायचा. म्हणजे ब्रेक नसूनही ब्रेक ह्यांचाच! उतरल्यावर मुलीने माझं कौतुक केलं, हे म्हणाले "बरी चालवलीस". मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धाच.

२७ जानेवारी, सोमवार

लेकीला फोनवर सांगितलं, मी चालवली. ती म्हणाली, "बाबा कुठे होते?" शेजारी, म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली. फोन ठेवल्यावर फार राग आला.

२९ जानेवारी, बुधवार

दुकानातून लवकर सुटून एकटीच शोरूमला गेले. राखाडी मी मागच्या सीटवरून पाहिलेली, तिथून काय कळतं? चालवली नाही, उभ्या गाडीत नुसती पुढे बसले.

दिवसभर मी लोकांना विचारते, ही काच बरी की ही? लोक म्हणतात, दोन्ही सारख्याच. मग मी म्हणते, वाचून दाखवा. तेव्हा कळतं. म्हणून मुलीला सांगितलं, तू बाहेर जा आणि गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावरून रस्ता ओलांडल्यासारखी चाल. राखाडीत काचेच्या कडेचा खांब इतका जाड की मुलगी त्यामागे अख्खी गायब झाली! पुन्हा चालायला लावली, पुन्हा गायब. मग निळीत बसले. निळीत तिचा फक्त हात लपला. सीट मऊ आहे, पळते अलगद, सगळं मान्य. पण समोरचा माणूसच दिसत नसेल तर त्या अलगदपणाला काय चाटायचंय?

१ फेब्रुवारी, शनिवार

निळी ठरली! खांबाचं सांगितलं तर जावयांनासुद्धा पटलं, त्यांच्या एकाही व्हिडिओत ते नव्हतं. गुडघ्याचा मुद्दा लेकीने काढला, पण तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की एप्रिलनंतर कितीतरी दिवस हे चालवणार नाहीतच. मग कोण चालवणार, हे कुणी मोठ्याने बोललं नाही. ह्यांनी मात्र एका दमात "निळीच" म्हटलं. इतक्या लवकर हे कशालाच हो म्हणत नाहीत.

शोरूममधल्या मुलीने सांगितलं की परवा काका एकटेच येऊन गेले, टॉर्च घेऊन, दोन्ही गाड्यांत शेजारच्या सीटपुढे डोकं घालून काहीतरी बघत होते. ह्यांना विचारलं तर म्हणाले, वायरिंग बघत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवतायत. भांडं कसलं ते मात्र कळलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

जुनी गाडी गेली. द्यायच्या आधी गॅरेजमध्ये नेऊन ह्यांनी शेजारचा तो ब्रेक काढून घेतला. ब्रेकसकट गाडी शोरूमवाले घेत नाहीत म्हणे. मी मनात म्हटलं, सुटले! हे गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे अंघोळीला गेले होते, फोन वाजला, मी घेतला. गॅरेजवाला. म्हणाला, मास्तरांना सांगा, जुना ब्रेक निळीला बसतोय, दांडा थोडा कापावा लागेल, गाडी आली की लगेच आणा.

म्हणजे टॉर्च ह्यासाठी होता. निळीत जागा आहे म्हणून निळी! आणि मी वेडी, माझ्या खांबाचं ऐकलं म्हणून खुशीत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बोलणं बंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा पुढे ठेवला आणि विचारलंच. गॅरेजवाल्याचा फोन आला होता, म्हटलं. ह्यांना कळलं. नाकारलं नाही, ते बरं केलं.

"मी चुकेन असं वाटतं ना तुम्हाला?"

हे कप बशीत फिरवत बसले. मग म्हणाले, "तू चुकशील म्हणून नाही गं. तू चांगली चालवतेस. मलाच त्या सीटवर नुसतं बसता येत नाही. आजवर कधी बसलोच नाही."

मग हे आपणहून सांगायला लागले, की समोर काही आलं की पाय जातो, आणि पायाखाली काही लागलं नाही की पोटात खड्डा पडतो. माझ्या जागी दुसरं कुणी चालवत असतं तरी तेच झालं असतं. लेक शिकताना तर, पायाखाली ब्रेक असूनही, घरी येऊन ह्यांना उलटी झाली होती, तेव्हा मला सांगितलं नव्हतं.

माझा अर्धा राग गेला. अर्धा ठेवला, लागेल म्हणून. म्हटलं, "ब्रेक बसणार नाही. पुढे बसवत नसेल तर मागे बसा."

"मागे?"

"हो, शेठजींसारखे."

हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत, मान डोलावली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निळी आली! आणि हे खरंच मागे बसले. मास्तर मागे, मास्तरीणबाई पुढे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानाबाहेर येऊन विचारलं, "मास्तर, ड्रायव्हर ठेवलात का?" हे म्हणाले, "हो, पण पगार जास्त मागते." मला ते रस्ताभर आठवून हसू येत होतं.

मागूनही धप्प येते. पण बारीक.

३ मार्च, सोमवार

आज पहिल्यांदा एकटी कामावर गेले, गाडीने. सिग्नलला थांबले, माणसांना थांबले, एका मांजरालाही थांबले. सगळ्यांना वेळेवर! म्हणजे येतं मला. इतकी वर्षं फुकट गेली असं वाटून दुकानाच्या मागे गाडी लावल्यावर थोडी रडले, मग तोंड धुऊन कामाला लागले.

पण ते कुणी पाहिलं नाही. ह्यांनी तर नाहीच. ह्यांच्या लेखी मी अजून तशीच.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. माझी थोरली बहीण डोंगरापलीकडे एकटी राहते, बसने जायचं तर अख्खा दिवस मोडतो, म्हणून वर्षातून एखाद्या वेळीच भेट. म्हणाली, ये की एकदा, कुणी आणून सोडेल का? म्हटलं, मीच येते, गाडी घेऊन. ताई म्हणाली, आणि मास्तर? म्हटलं, त्यांनाही आणते, सामान समजून.

१५ मार्च, शनिवार

ताईकडे पोचलो. तिच्या ओट्यावर बसून लिहितेय.

डोंगराच्या वळणांवर मागे बसलं की ह्यांना मळमळतं, म्हणून आज नाइलाजाने शेजारी बसले. प्रत्येक वळणाला धप्प. ट्रक दिसला की धप्प. एकदा तर दोन्ही पायांनी! मी मोजायचं सोडून दिलं. बोलले मात्र काही नाहीत, वरच्या दांडीला लोंबकळून बसले होते. मी किती वेळा नीट थांबले ते बघितलं का, देव जाणे. ह्यांचे डोळे रस्त्यावर होते, माझ्या पायाकडे नव्हते.

उतरलो तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. ताईने आधी ह्यांनाच पाणी दिलं. म्हणाली, "मास्तर, तुम्ही तर असे दमलात, जशी काही गाडी तुम्हीच चालवत आणलीत." हे म्हणाले, "तसंच समजा."

ताई हसली. मला नाही आलं हसू.

१६ मार्च, रविवार

परत आलो.

उतारावर एका वळणापलीकडे रस्ताभर शेळ्या होत्या. मी थांबले—वेळेवर, हळू, अगदी हवं तिथे. धप्प आली नाही. म्हटलं, पाहिलं वाटतं ह्यांनी! आता काय म्हणतात म्हणून शेजारी बघितलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, दोन्ही पाय सैल पसरलेले. हे गाढ झोपले होते.

शेळ्या गेल्या. ह्यांना जाग येऊ नये म्हणून मी ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला.